सुगरणीची मादी आधी फांदी बघते, मग खोपा

प्रश्न असा: शेतातल्या विहिरीवर बाभूळ आहे. तिला दर पावसाळ्यात सुगरणीचे तीस-चाळीस खोपे लागतात आणि त्यांतले निम्मे अर्धवटच राहतात. मादीला पसंत पडलं नाही की नर खोपा सोडून देतो, हे खरं का? एवढ्या नरांतून ती एकाला निवडते ती कशावरून? आणि यंदा नोंदी ठेवायच्या तर कशा ठेवाव्यात?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर ढोबळमानाने हो. पण अर्धवट खोपा म्हणजे कच्च्या हाताचं काम, असं समजू नका. वीण देखणी असते, म्हणून आपली नजर विणीवर खिळते. मादी आधी फांदी बघते: किती उंच, किती बारीक, खाली काय आहे. वीण त्यानंतर. नराची पिवळी टोपी आणि त्याचा कलकलाट यांवरून इथे नर आहे, घर रिकामं आहे, एवढं तिला लांबून कळतं. सौदा ठरतो तो जागेवर.

नावाने आपल्याकडे आधीच घोटाळा करून ठेवलाय. सुगरण म्हटलं की बाई डोळ्यांपुढे येते, उत्तरेकडचं ‘बया’ हे नावही आपल्या कानाला बाईचंच वाटतं. विणतो मात्र नर. मादी तयार होत आलेलं काम तपासायला येते आणि पटलं तर आत शिरून शेवटचा हात फिरवते. अलिबागजवळच्या किहीमला सालिम अलींनी सुगरणीच्या वसाहतीवर नजर ठेवून हे सगळं टिपलं आणि १९३१ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडलं. नर आधी अर्धा खोपा विणतो, मादी तो ताब्यात घेते, नर तो पुरा करतो आणि लगेच शेजारी दुसरा सुरू करतो, ही साखळी त्या निरीक्षणांतून स्पष्ट झाली. एका नराच्या एकाच हंगामात दोन किंवा जास्त माद्या होतात त्या एकीमागून एक, आणि प्रत्येकीसाठी वेगळा खोपा बांधून.

खोप्याच्या पायऱ्या नीट ओळखता आल्या पाहिजेत. नाहीतर नोंदींचा काही उपयोग नाही. नर भाताची, उसाची किंवा उंच गवताची पात निवडतो, नाहीतर शिंदी-नारळाची झावळी. पातीच्या कडेला चोचीने खाच पाडतो, सुटलेली कड चोचीत धरतो आणि तसाच पुढे झेपावतो. सुतासारखी पट्टी सोलून निघते. या पट्ट्या साधारण २० ते ६० सेंटिमीटर, म्हणजे वीतभर ते सव्वा हात लांब असतात. पुऱ्या खोप्यासाठी अशा जवळपास ५०० खेपा लागतात. सुरुवातीला फांदीच्या टोकाला नुसता गुंता दिसतो, ती गाठ. मग खाली लोंबणारं कडं, ज्यात नर उभा राहून विणतो. कड्याला वरून छप्पर आलं की टोप तयार होतो. पक्षीमित्र याला ‘हेल्मेट’ म्हणतात आणि ते नाव चपखल आहे, कारण खालून आडवी जाणारी पट्टी थेट हेल्मेटच्या हनुवटीखालच्या पट्ट्यासारखी दिसते. पुढे या पट्टीच्या एका बाजूला अंड्यांची खोली होते आणि दुसऱ्या बाजूने येण्या-जाण्याची नळी खाली उतरते. टोपापर्यंत यायला नराला आठेक दिवस लागतात, सगळा खोपा व्हायला अठराएक दिवस.

टोप झाला की नर थांबतो. कौतुकाने बघण्यासारखी गोष्ट ही आहे. निम्म्याहून जास्त दिवसांचं काम बाकी असताना तो ते हाती घेत नाही, कारण गिऱ्हाईक नसेल तर पुढची मेहनत वाया जाते. म्हणून झाडावर दिसणारे अर्धवट खोपे बहुतेक एकाच अवस्थेतले असतात. तुमच्या बाभळीवर मोजून बघा: कड्यावर सुटलेले थोडे, नळी निम्मी होऊन सुटलेले त्याहून थोडे, टोपावर थांबलेले ढिगाने.

आता मादी येते तो प्रसंग. माद्या सहसा चार-सहाच्या टोळीने वसाहतीत शिरतात. त्यांची चाहूल लागली की क्षणात सगळं झाड बदलतं. विणत असलेले नर चोचीतली पट्टी तशीच सोडतात, आपापल्या टोपाला खालून लटकतात आणि पंख फडफडवत ओरडू लागतात. ‘चिट् चिट् चिट्’ अशी घाईची रट आणि शेवटी लांबवलेलं ‘चीऽऽ’. एखादी मादी जवळच्या फांदीवर बसते, मान तिरकी करते आणि टोपात शिरून आडव्या पट्टीवर बसते. मग एक-दोन धागे चोचीत धरून ओढते. काही सेकंदांत उडून शेजारच्या टोपात. नर तिच्यामागे लागत नाही. त्याला लटकून ओरडत राहायचं असतं. टोळी गेली की झाड पुन्हा कामाला लागतं, आणि तेवढ्यात एखादा शेजारी दुसऱ्याच्या टोपातली हिरवी पट्टी उपसून पसार होतो. चोरी इथे नेहमीची. राखण करायला धनी नसेल तर अर्धा टोप उसवला जातो.

मादीला खोपा पटल्याची खूण म्हणजे ती परत येते. तोच टोप, पुन्हा पट्टीवर बसणं, धागे ओढणं, जास्त वेळ थांबणं. नर-मादीचं मीलन बहुतेकदा खोप्यापाशीच होतं. त्यानंतर नर झपाट्याने अंड्यांची खोली बंद करू लागतो आणि नळी उतरवतो. मादी आतलं अस्तर बघते. सुगरणीच्या टोपाला आतून चिखलाचे गोळे लावलेले असतात. वाऱ्यात खोपा कमी हेलकावे खावा म्हणून ते वजन असावं, असं एक स्पष्टीकरण आहे. त्या चिखलात काजवे चिकटवून पक्षी दिवा लावतो, ही आजीची गोष्ट गोड आहे, खरी नाही.

मादी जागेला एवढं महत्त्व का देते, हे तिच्या बाजूने हिशेब मांडला की कळतं. ती २ ते ४ पांढरी अंडी घालते. १४ ते १७ दिवस एकटी उबवते. पिल्लं साधारण १७ दिवसांनी बाहेर पडतात, तोवर त्यांना भरवण्याचा बहुतेक भार तिच्यावरच. नर फार तर हंगामाच्या शेवटी थोडी मदत करतो. म्हणजे एका खोप्यात तिचा महिन्याहून जास्त काळ अडकतो, आणि पावसाळा चार महिन्यांचा. कावळ्याने खोपा फाडला, साप किंवा उंदीर आत शिरला, वादळात फांदी मोडली, तर ते दिवस बुडाले. नराचं तसं नाही. त्याचा एक खोपा गेला तरी दुसऱ्या डहाळीवर तिसरा चालू असतो. ज्याचं नुकसान जास्त, तो जास्त पारखून घेतो. बाजारात आपण यापेक्षा वेगळं काय करतो?

फांदी बारीक असली की सापाला, उंदराला टोकापर्यंत यायला भरवसा राहत नाही आणि कावळ्यालाही नीट पाय रोवता येत नाही. उंची असली की खालून येणारे शत्रू आणि माणसं दूर राहतात. बाभळीचा काटा आणखी एक कुंपण. दिशेचाही भाग आहे: अनेक ठिकाणी खोपे झाडाच्या पूर्व अंगाला जास्त असतात, कारण नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याचा मारा पश्चिमेकडून येतो आणि झाडाचा घेर आडोसा देतो. तुमच्या विहिरीवर तसं आहे का, हे मोबाइलच्या होकायंत्राने पाच मिनिटांत कळेल.

पक्षी-अभ्यासक सुहेल क्वाडर यांनी सुगरणीवर नेमका हाच प्रश्न घेऊन काम केलं. २००५ आणि २००६ साली आलेल्या त्यांच्या निबंधांचा गाभा असा की मादीच्या निवडीत खोप्याच्या बांधणीपेक्षा त्याच्या जागेचं वजन जास्त पडतं. उंचावरचे, बारीक फांदीवरचे आणि कोरड्या जमिनीवर लोंबणारे खोपे माद्यांनी जास्त पसंत केले. शेवटचा मुद्दा वाचून विहिरीवरचे निरीक्षक बुचकळ्यात पडतात, कारण पाण्यावरचा खोपा सर्वांत सुरक्षित असं आपण धरून चालतो. नरांनी पाण्यावर खोपे बांधणं वेगळं आणि माद्यांनी ते घेणं वेगळं. तुमच्या बाभळीच्या काही फांद्या पाण्यावर आणि काही बांधावर असतील तर एकाच झाडावर दोन्हींची तुलना करता येते. अशी जागा सहज मिळत नाही; ती वाया घालवू नका.

इथे एक गुंता सोडवायला हवा. चांगल्या डहाळ्या मोजक्याच असतात आणि त्यांच्यासाठी नरांमध्ये आधीच झोंबाझोंबी झालेली असते. उंच, बारीक टोक पकडून ते टिकवून धरणारा नर दमदार असणारच. मग मादी जागा निवडते आहे की जागेच्या आडून नर? बऱ्याच वेळा दोन्ही. जागा हेच नराचं प्रमाणपत्र. लग्न ठरवताना मुलाचं घर बघायला जातात तेव्हा फक्त भिंती बघत नाहीत, तसंच हे.

दुसरा प्रश्न नेहमी येतो: एका नराची दुसरी बायको होणं मादी कशी मान्य करते? तिला त्यात फारसं गमवावं लागत नाही, म्हणून. ज्या पक्ष्यांत नर पिल्लांना भरवतो, तिथे दुसरीच्या वाट्याला अर्धाच नर येतो आणि ते महागात पडतं. सुगरणीचा नर पहिलीलाही फारसा उपयोगी नसतो. त्यामुळे एकट्या नराची वाईट फांदी घेण्यापेक्षा आधीच जोडी जमलेल्याची चांगली फांदी घेणं परवडतं.

आता नोंदी. सर्वांत मोठी चूक सुरुवातीलाच सांगतो, कारण ती हौशी माणसांच्या जवळजवळ प्रत्येक वहीत सापडते. सप्टेंबरमध्ये झाडाखाली जाऊन पुरे खोपे मोजायचे, अर्धवट मोजायचे आणि ‘माद्यांना नळीवाले, नीट विणलेले खोपे आवडतात’ असं लिहायचं. हे उलटं झालं. नळी आहे म्हणून मादीने तो घेतला नाही. मादीने घेतला म्हणून त्याला नळी आली. ती निवडते तेव्हा तो टोपच असतो. म्हणून टोपाच्या दिवशी खोपा कसा होता, याची नोंद नसेल तर निवडीबद्दल काहीही बोलता येत नाही.

जूनमध्ये पहिली कडी दिसली की झाडापासून वीसेक पावलांवर एक जागा पक्की करा आणि तिथे खुंटी ठोका. प्रत्येक वेळी त्याच खुंटीवरून, त्याच उंचीवरून फोटो घ्या. झाड गोल असेल तर दोन खुंट्या, समोरासमोर. पहिला फोटो मोठा छापून घ्या आणि त्यावरच खोप्यांना क्रमांक द्या. नवा खोपा आला की नवा क्रमांक, गळालेल्याचा क्रमांक पुन्हा वापरायचा नाही. झाडाला चिठ्ठ्या, रिबिनी काही बांधू नका. पक्षी बिथरतात आणि पोरांना खोपे कुठे आहेत ते कळतं.

दिवसाआड एक फेरी पुरे. वेळ सूर्योदयापासून नऊ-दहा वाजेपर्यंतची, रोज तीच. पहिली दहा मिनिटं काही लिहू नका, पक्ष्यांना तुमची सवय होऊ द्या. मग पाऊण तास. प्रत्येक खोप्यापुढे अवस्था लिहा: गाठ, कडं, टोप, खोली, नळी, आणि शेवट झाला असेल तर कसा, म्हणजे गळाला, फाडला, उसवला की नुसताच सुटला. मादीच्या भेटी तीन प्रकारांत लिहा: जवळ बसली, आत शिरली, परत आली. नुसतं ‘मादी आली’ हे लिहून काही साधत नाही, कारण माद्या सगळीकडेच डोकावतात. खोप्याची अवस्था टोपावरून खोलीवर गेली की तो ‘लागला’ असं धरायला हरकत नाही. अपवाद सापडतील, म्हणून त्याआधीच्या आठवड्यात मादी आत बसलेली दिसली होती का, हे शेजारी लिहून ठेवा.

उंचीसाठी तीन मीटरचा बांबू खोप्याच्या बरोबर खाली उभा धरायला कुणाला तरी सांगा आणि खुंटीवरून फोटो काढा. बांबूच्या पटीत उंची मोजता येते. खोपा पाण्यावर असेल तर बांबू त्याच अंतरावर काठाला धरा आणि पाण्याची पातळी वेगळी लिहा, कारण पावसाळ्यात ती दर आठवड्याला बदलते. कठडा नसलेल्या विहिरीच्या काठाला डोळे कॅमेऱ्यात घालून मागे सरकू नका, हे सांगायला नको; तरी सांगतो. फांदीची जाडी चढून मोजायची नाही. दुर्बिणीतून बघून तीनच वर्ग करा: सुतळीएवढी, पेन्सिलीएवढी, बोटाएवढी. मिलिमीटरमध्ये अंदाज लिहिला की आकडा नेमका दिसतो, पण तो खोटा असतो.

नर-मादी ओळखण्यात गफलत होते. पिवळी टोपी, डोळ्यांभोवती गडद मुखवटा आणि काळपट चोच म्हणजे प्रजननाला आलेला नर. याच्याशिवाय जो चिमणीसारखा तपकिरी, जाड चोचीचा पक्षी दिसतो तो मादीच असेल असं नाही. पिवळे न झालेले तरुण नरही तसेच दिसतात आणि वसाहतीत घुटमळत असतात. तपकिरी पक्षी पट्टी घेऊन विणताना दिसला तर ‘मादी विणते’ असं उत्साहाने लिहू नका. बहुधा तो शिकाऊ नर आहे. खात्री नसेल तिथे ‘तपकिरी’ एवढंच लिहा.

नर मोजणं आणखी अवघड. त्यांच्यावर खुणा नसतात. पण नर आपल्या खोप्यांचा छोटा समूह राखतो, बहुधा हातभर-दोन हात अंतरातला. एक नर कोणकोणत्या खोप्यांवर विणतो हे सलग पाऊण तास बघितलं की ‘४, ७ आणि ११ एकाचे’ असे गट पडतात. ते गट दर आठवड्याला तपासा, मालक बदलतात. पायात रंगीत कडी घालण्याचा विचार मनात आला असेल तर सोडा. त्याला वन खात्याची परवानगी आणि प्रशिक्षण लागतं, शिवाय कडीचा रंगच निवडीवर परिणाम करतो की काय हा वाद आहे. झेब्रा फिंचच्या माद्या लाल कडीवाल्या नरांना पसंती देतात, असं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नॅन्सी बर्ली यांनी दाखवलं आणि ते पाठ्यपुस्तकांत गेलं. २०१८ साली मोठ्या प्रमाणावर पुन्हा तपासलं तेव्हा तो परिणाम हाती लागला नाही. खोप्यांना हात लावणं तर सरळ कायद्याच्या विरोधात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मध्ये रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच धरलं आहे.

हंगाम संपल्यावर आकडे कसे लावायचे? निवड म्हणजे घेतलेलं आणि नाकारलेलं, दोन्ही. समजा १० जुलैला झाडावर बारा टोप रिकामे होते आणि पुढच्या दोन दिवसांत त्यांतले चार लागले. तर त्या चारांची उंची, फांदी, दिशा उरलेल्या आठांशीच ताडून बघा. ऑगस्टमध्ये बांधलेल्या खोप्यांशी नाही, ते त्या मादीपुढे नव्हतेच. अशी प्रत्येक फेरीची छोटी तुलना करत जा आणि मग सगळ्या एकत्र मांडा. त्याहून चांगली कसोटी म्हणजे एकाच नराचे एकाच वेळी दोन टोप रिकामे असणं. नर तोच, रंग तोच, आवाज तोच. मादीने त्यातला उंचीवरचा घेतला तर श्रेय जागेलाच. असे प्रसंग हंगामात पाच-सहा मिळाले तरी खूप.

तारखेचा परिणाम वेगळा काढायला विसरू नका. आधी सुरू केलेल्या खोप्याला मादी मिळायला जास्त दिवस मिळतात, आणि चांगल्या फांद्याही आधी अडवल्या जातात. दोन्ही मिसळले की उंचीचं महत्त्व फुगतं. जुने टोप वाळून तपकिरी पडतात तो आणखी एक घटक. आफ्रिकेतल्या व्हिलेज वीव्हर या भाऊबंदावर कोलियास दांपत्याने केलेल्या कामात माद्या ताज्या हिरव्या खोप्यांना पसंती देतात असं दिसलं. तिथला नर बरेच दिवस नाकारला गेलेला खोपा स्वतः उसवून त्याच जागी नवा विणतो. आपली सुगरण नाकारलेले टोप तसेच लोंबत ठेवते. म्हणून तिकडचा निष्कर्ष इकडे चिकटवू नका, पण टोपाचा रंग हिरवा, पिवळट की तपकिरी, हा रकाना वहीत जरूर ठेवा.

सुगरणीवरून सगळ्या पक्ष्यांचा नियम काढता येत नाही, हेही लक्षात असू द्या. वाशीम-अकोल्याच्या गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उसळून दिवसाला शेकडो उड्या मारतो. तो घर देत नाही, चारा देत नाही, पिल्लंही सांभाळत नाही. तिथे मादीपुढे पारखायला नराशिवाय काही नसतंच. मोराचंही तसंच, आणि तिथेही गोष्ट दिसते तितकी सोपी नाही. इंग्लंडमधल्या व्हिप्सनेड इथे मॅरियन पेट्री यांना पिसाऱ्यावर जास्त डोळे असलेल्या मोरांना जास्त लांडोरी मिळताना दिसल्या. जपानमधल्या सात वर्षांच्या अभ्यासात, जो २००८ साली प्रसिद्ध झाला, तो संबंध सापडला नाही. २०१३ साली लांडोरींच्या डोक्यावर नजर टिपणारं यंत्र बसवून बघितलं, तर जवळून त्या पिसाऱ्याचा खालचा भागच जास्त न्याहाळत होत्या. आपण ज्या वरच्या निळ्या-हिरव्या कमानीचे फोटो काढतो तिच्याकडे त्यांचं लक्ष कमीच.

नराचा दागिना आणि जागा यांची गुंतागुंत सोडवायचा नमुनेदार प्रयोग माल्टे अँडरसन यांनी केनियात लांबशेपट्या विडोबर्डवर केला. निबंध १९८२ चा. हा सुगरणीच्याच नात्यातला, नराची शेपटी अर्ध्या मीटरच्या आसपास. त्यांनी ३६ नर घेतले, नऊ-नऊचे चार गट. एका गटाची शेपटी कापून आखूड केली, कापलेले तुकडे दुसऱ्या गटाला चिकटवून ती लांब केली. तिसऱ्याची कापली आणि तशीच परत जोडली, चौथ्याला हातच लावला नाही. तिसरा गट पाहून लोकांना वाटतं हा उद्योग कशाला. तर कापण्या-चिकटवण्याचाच काही परिणाम नाही ना, हे बघायला. मग प्रत्येकाच्या हद्दीत माद्यांची किती नवी घरटी लागली ते मोजलं, आणि प्रयोगाआधीचा आकडाही हातात होता. हद्दी त्याच राहिल्या, शेपट्या बदलल्या आणि लांब शेपटीवाल्यांकडे घरटी वाढली. म्हणून श्रेय जागेला देता आलं नाही. तुमच्या वहीत प्रयोग नाही, पण विचार हाच ठेवायचा: एक गोष्ट बदलली तेव्हा बाकी काय स्थिर होतं?

रानकोंबड्यांत पिसांपेक्षा तुऱ्याकडे बघून कोंबडी निवड करते. कमळपक्ष्यांत उलटंच: मादी मोठी, भांडखोर आणि अनेक नरांची, अंडी उबवतो नर. ते स्वतंत्र विषय आहेत.

ऑक्टोबरात खाली पडलेले खोपे गोळा करून बघायला हरकत नाही, तेही पिशवीत भरून उन्हात ठेवल्यावर, कारण आत पिसवा आणि उवा असतात. नळीची लांबी, भिंतीतला चिखल, अस्तर आणि वरची गाठ कुठे तुटली ते पाहा. गाठच सुटली असेल तर बांधणीचा दोष, फांदीसकट आला असेल तर जागेचा. लटकत राहिलेले मात्र काढू नका. चंदेरी मुनिया त्यांत राहायला येतात, आणि मादीने नाकारलेला अर्धा टोपही पुढच्या जूनमध्ये जुन्या फोटोशी झाड जुळवायला खूण म्हणून उपयोगी पडतो.